ट्रायल्स मोटरसायकलचं पुढचं हब: लूज झालेलं बेअरिंगचं घर कसं दुरुस्त करायचं

ट्रायल्स या खेळात वेगाला किंमत नाही. दगड, ओढे, चिखल आणि झाडांच्या मुळांमधून आखलेल्या सेक्शनमधून पाय जमिनीला न टेकवता गाडी बाहेर काढायची. एकदा पाय टेकला तर १ गुण दंड, दोनदा टेकला तर २, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तर ३ आणि सेक्शन पुरा झालाच नाही तर ५. ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला. गाडी माणसाच्या चालीने जाते, त्यामुळे पुढच्या हबवर (चाकाचा मधला भाग, ज्यात बेअरिंग बसतात) फारसा ताण येत नसेल असं वाटतं. प्रत्यक्षात उलटं आहे. चालक पुढचा ब्रेक दाबून, हँडल पूर्ण वळवून चाक जागच्या जागी उचलतो आणि बाजूला टाकतो. टायरमध्ये हवा जेमतेम ५-६ पीएसआय. प्रत्येक आपटीत हबला आडवा झटका बसतो. बेअरिंग सरळ भार आनंदाने घेतं, आडवा भार मात्र त्याला सोसत नाही. वर ओढ्याचं पाणी थेट अ‍ॅक्सलपर्यंत येतं.

त्यात हे हब हलकं करण्याच्या नादात बारीक केलेलं असतं. जॉनी ब्रिटनने रॉयल एनफील्ड बुलेटवर १९५२ आणि १९५७ साली स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली, तेव्हाच्या गाड्या चांगल्या वजनदार होत्या. १९६५ साली सॅमी मिलरने तीच स्पर्धा बुल्टाकोवर जिंकली आणि हलक्या टू-स्ट्रोक गाड्यांचा काळ सुरू झाला. हबच्या भिंती त्याबरोबर पातळ झाल्या. म्हणून आज बुल्टाकोची जुनी शेर्पा, मॉन्तेसा कोटा किंवा यामाहा टीवाय कुणी उभी करायला घेतली की पुढच्या हबपाशी हमखास काम निघतं. इथे मी ड्रम ब्रेकचं, अ‍ॅल्युमिनियमचं हब धरून लिहितोय. तुमच्याकडे जुनी बुलेट असली तरी कामाची पद्धत हीच राहील, फक्त मापं बदलतील.

गाडीवर असतानाच तपासा

पुढचं चाक अधांतरी येईल अशी गाडी इंजिनखाली ठोकळा देऊन उभी करा. एका हाताने फोर्कची नळी खाली अ‍ॅक्सलजवळ घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने टायर वरून धरून बाजूला हलवा. फोर्क न धरता चाक हलवलं तर हँडलच्या कोनसेटमधला प्ले (ढिलेपणा) आणि चाकाचा प्ले यांत गल्लत होते आणि चांगलं हब विनाकारण उघडलं जातं. फोर्क धरूनही चाक कटकट करत असेल तर दोष बेअरिंगचा किंवा त्याच्या घराचा, म्हणजे हबमधल्या ज्या गोल खोबणीत ते बसतं तिचा, आहे.

या दोहोंत फरक कसा करायचा? चाक काढा आणि बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगभोवती बोट फिरवा. राखाडी-काळा, ग्रीससारखा लगदा दिसला तर ती अ‍ॅल्युमिनियमची भुकटी आहे. बाहेरची रिंग घरात फिरतेय आणि घर खातेय. अशा हबमध्ये नवीन बेअरिंग टाकणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण नवं बेअरिंगही तसंच फिरेल. लगदा नसेल आणि आतली रिंग बोटाने फिरवताना खरखरत असेल तर दोष बेअरिंगचाच, काम स्वस्तात निभावलं. अ‍ॅक्सल काचेवर ठेवून लोळवून पाहा. वाकडा असेल तर त्याला सरळ करू नका, बदला.

हब उघडणं

आधी फोटो काढा: स्पेसर (अंतर राखणारी नळी) कोणत्या बाजूला, सीलचं तोंड कुठे, ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या कोणत्या उंचवट्यात बसते. मग सील आणि सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवणारी स्प्रिंगची कडी) काढा. काही हबमध्ये सर्क्लिपऐवजी आट्यांची रिंग असते. तिचे आटे कधी कधी उलटे असतात, म्हणून जोर लावण्याआधी आटा कुठल्या दिशेने जातो ते नीट बघा.

बेअरिंग थंड हबमधून ठोकून काढू नका. ते बाहेर येताना घराची कातडी सोलत येतं आणि जे घर वाचलं असतं तेही जातं. हब १०० ते ११० अंशांपर्यंत तापवा. हॉट एअर गन चालेल, जुना ओव्हन असेल तर उत्तमच. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र करून उडाला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ३५ मिमीचं घर १०० अंशांनी तापलं की सुमारे ८० मायक्रॉन मोठं होतं आणि बेअरिंगची पकड सुटते. आतला स्पेसर जरा बाजूला सरकवून पितळी दांड्याने आलटून पालटून, समोरासमोर हलके ठोके द्या. अ‍ॅसिटिलीनची ज्योत थेट हबवर अजिबात नको. ओतीव अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच एकदम ढासळतं.

हात घालण्याआधी आणखी एक तपासणी करा. त्या काळच्या काही हबांचं ओतकाम मॅग्नेशियमचं असतं. आतल्या बाजूला एक जागा घासून चकचकीत करा आणि व्हिनेगरचा थेंब टाका. फसफसलं तर मॅग्नेशियम. अशा हबचा लेथवरचा बारीक कीस पेट घेतो आणि पाण्याने आग भडकते. जवळ कोरडी वाळू ठेवा आणि लेथवाल्याला काम देतानाच हे सांगा.

तडे: इथेच ठरतं की पुढे जायचं का

मापं घ्यायच्या आधी तडे शोधा. तडा गेलेल्या हबच्या घराला सुंदर बुश (झिजलेल्या घरात बसवायची नवी धातूची रिंग) मारून काय उपयोग? डाय पेनिट्रंटचे तीन डबे मिळतात: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर. हब स्वच्छ करा, लाल रंग मारा, डब्यावर दिलेला वेळ थांबा, पुसून काढा आणि पांढरं मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. स्पोकच्या भोकांभोवती, ब्रेकच्या बाजूच्या फ्लँजवर (स्पोक अडकवायची हबची कड) आणि बेअरिंगच्या घराच्या कडेला विशेष बघा.

माझं मत ठाम आहे. तडा एका भोकापासून शेजारच्या भोकापर्यंत गेला असेल किंवा फ्लँजवरून आत बेअरिंगच्या घराकडे निघाला असेल, तर ते हब चालवायच्या गाडीत घालू नका. प्रत्येक स्पोक त्या कडेला सतत ओढत असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं. पुढच्या चाकाचा फ्लँज फाटला तर माणूस तोंडावर पडतो. दुसरं हब शोधा, वेळ लागला तरी शोधा.

तडा स्पोकपासून लांब, उदाहरणार्थ धूळ अडवणाऱ्या कडेला असेल, तर आर्गॉन वेल्डिंग चालतं. तड्याच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडून त्याची वाट अडवा, व्ही आकारात खाच कोरा. हब अनेक वर्षांचं तेल-ग्रीस पिऊन बसलेलं असतं, म्हणून आधी ओव्हनमध्ये भाजून ते बाहेर काढा. मग १५० अंशांच्या आसपास तापवून ४०४३ रॉडने वेल्ड करा. क्रम लक्षात असू द्या: वेल्डिंग आधी, लेथ नंतर. वेल्डिंगने हब थोडं तरी पिळवटतंच.

मापं

घर अ‍ॅसिटोनने पुसा. बोअर गेज किंवा टेलिस्कोपिक गेज आणि मायक्रोमीटर घ्या. व्हर्नियरने हे काम होत नाही. प्रत्येक घर दोन खोलींवर आणि प्रत्येक खोलीवर तीन दिशांनी मोजा, आकडे लिहून ठेवा.

मापाचा अर्थ लावायला एक उदाहरण घेऊ. ६२०२ बेअरिंगची मापं १५ × ३५ × ११ मिमी. तुमचा नंबर जुन्या बेअरिंगच्या रिंगवर कोरलेला असतो. चाकाच्या हबमध्ये बाहेरची रिंग फिरते आणि भार एका जागी राहतो. त्यामुळे बाहेरची रिंग घरात टाइटच हवी, नाहीतर ती हळूहळू सरकत घर खाते. यासाठी एन७ फिट (टाइट बसण्यासाठी ठरलेली मापाची मर्यादा) धरतात: ३५ मिमीच्या घरासाठी ३४.९६७ ते ३४.९९२ मिमी. म्हणजे घर बेअरिंगपेक्षा किंचित लहान. तुमचं माप ३५.०० च्या वर गेलं की घर लूज झालंय.

किती लूज, यावर उपाय ठरतो. घर गोल आहे, सगळीकडे सारखं आहे आणि ३५.०५ च्या आत आहे, तर रिटेनिंग कंपाउंडने (बेअरिंग घरात चिकटवून धरणारं रसायन) काम होतं. लॉकटाइट ६४१ यासाठीच आहे. पुढे कधी बेअरिंग बदलायचं झालं तर ते पुलरने निघतं. ६३८ जास्त कडक पकडतं, पण काढताना हब खूप तापवावं लागतं. दोन्ही भाग अ‍ॅसिटोनने पुसा, कंपाउंड लावा, बेअरिंग बसवा आणि ओलं असतानाच दोन्ही बेअरिंगमधून अ‍ॅक्सल घाला, म्हणजे दोन्ही एका रेषेत येतील. मग २४ तास हात लावू नका.

घर लंबगोल असेल किंवा त्याहून जास्त झिजलं असेल तर बुश मारायलाच हवा. सेंटर पंचाने घरात टोचे मारून बेअरिंग बसवणं किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळणं ही रस्त्याकडेची पद्धत मी कुणालाही सुचवणार नाही. बेअरिंग त्या टोच्यांच्या टोकांवर टेकतं, टोकं थोड्याच दिवसांत चेपतात आणि तोपर्यंत घर इतकं वेडंवाकडं होतं की बुशसाठीही धातू उरत नाही.

हे झालंच कशामुळे?

लेथवाल्याकडे जाण्याआधी याचं उत्तर मिळवा. दोन बेअरिंगांच्या मधला स्पेसर हा पहिला संशयित. अ‍ॅक्सलचं नट आवळलं की जोर बेअरिंगच्या आतल्या रिंगा आणि स्पेसर यांच्या रांगेतून जायला हवा. स्पेसर आखूड असेल तर आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या आडव्या दाबल्या जातात, बेअरिंग जाम होतं आणि फिरायला जागा शोधत बाहेरची रिंग घरात फिरायला लागते. घर झिजल्याच्या पुष्कळ तक्रारींमागे हेच असतं, आणि स्पेसर न बदलता घर दुरुस्त केलं तर तीच तक्रार परत येते.

मोजायचं असं: हबच्या एका बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी घ्या. डेप्थ गेजने दोन्ही बाजूंना घराच्या तळातल्या स्टेपपर्यंतची खोली घ्या आणि दोन्ही खोली रुंदीतून वजा करा. हे दोन स्टेपमधलं अंतर. स्पेसर त्याच्याएवढा किंवा ०.०५ ते ०.१ मिमी जास्त लांब हवा. टोकं चेपलेली असतील तर पोलादी नळीचा नवा स्पेसर करून घ्या, दोन्ही तोंडं काटकोनात आणि एकमेकांना समांतर.

बुश मारणं

आता खरं काम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत पंपाचे आणि इंजिनाचे बोअर रोज करणारे कसबी टर्नर आहेत आणि हे काम त्यांच्या हातचं आहे. पण त्यांनी हे हब पाहिलेलं नसतं, म्हणून काय हवंय ते कागदावर मापांसह द्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे दोन्ही घरं आणि ड्रम एकाच अक्षावर हवेत. प्रत्येक घर वेगवेगळं, अंदाजाने सेट करून केलं तर दोन्ही मापात येतील, पण एकमेकांशी तिरकी राहतील आणि बेअरिंग पुन्हा आडवा भार खाईल. जबड्यात हब धरून डायल गेज (फिरताना किती हलतं ते दाखवणारं घड्याळ) लावताना झिजलेल्या घरावर लावायचा नाही. घराच्या अगदी तळाशी, जिथे बेअरिंगच्या कडेची गोलाई येते, तिथे न झिजलेला पट्टा सापडतो. तो आणि ड्रमची बिडाची रिंग, दोन्हींवर डायल फिरवून सेटिंग करा. एक बाजू पूर्ण झाली की चकमध्येच मॅन्ड्रेल (हब धरायचा मापाचा दांडा) टर्न करायचा, तो चकमधून न काढता त्यावर तयार घर बसवायचं आणि दुसरी बाजू करायची. दोन्ही घरांमधला आउट (अक्षातला फरक) ०.०३ मिमीच्या आत मागा. चांगला टर्नर हे सहज देतो.

हब रिमसकट लेथवर बसेल का, हा प्रश्न येतोच. २१ इंची रिमसाठी मोठा गॅप बेडचा लेथ लागतो. तो नसेल तर स्पोक सोडावे लागतील, किंवा चाक मिलिंग मशिनच्या टेबलवर आडवं ठेवून बोरिंग हेडने घर करता येतं.

बुशसाठी ६०८२-टी६ किंवा ६०६१-टी६ अ‍ॅल्युमिनियम घ्या. हब आणि बुश सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे ब्रेक तापला तरी पकड सुटत नाही. ३५ मिमीच्या बेअरिंगसाठी घराला ४० मिमीचा बोअर मारला तर बुशची भिंत २.५ मिमी येते. बोअर मारल्यावर हबची भिंत सर्वांत पातळ जागी निदान ५ मिमी उरली पाहिजे, हा माझा नियम. तेवढी उरत नसेल तर १.५ मिमी भिंतीचा पोलादी बुश करा आणि बोअर लहान ठेवा. बुशला बाहेरून छोटी कॉलर द्या, म्हणजे तो आत सरकणार नाही.

बुश बोअरपेक्षा ०.०५ ते ०.०६ मिमी मोठा ठेवा. हब १५० अंशांपर्यंत तापवलं की ४० मिमीचा बोअर ०.११ मिमीच्या आसपास उघडतो आणि बुश हाताने आत जातो. त्याला लगेच तळापर्यंत दाबून हब थंड होईपर्यंत धरून ठेवा. इथे घाईत केलेली चूक नडते: बुशचा आतला व्यास आधीच शेवटच्या मापावर करायचा नाही. दाबल्यावर तो आवळतो. आतून अर्धा मिमी धातू ठेवा, बुश बसवा, पुन्हा डायल लावा आणि मग ३४.९८ च्या आसपास फिनिश करा. शेवटचा कट घेण्याआधी जे बेअरिंग बसणार आहे तेच मायक्रोमीटरने मोजा.

डिस्क ब्रेकच्या नव्या गाडीत घराचं काम असंच होतं. तिथे डिस्कच्या बोल्टचे आटेही गेलेले असतात. एम६ च्या आट्यासाठी ६.३ मिमीचा ड्रिल, हेलिकॉइलचा (गेलेल्या आट्याच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) खास टॅप आणि वर हेलिकॉइल. एकच आटा गेला असेल तरी सगळ्याच भोकांना मारून घ्या.

बेअरिंग बसवणं

दोन्ही बाजूंना रबर सील असलेलं, सी३ क्लिअरन्सचं बेअरिंग घ्या. टाइट फिटमध्ये बाहेरची रिंग आवळते आणि आतली मोकळीक कमी होते. सी३ मध्ये ती सोसण्याइतकी जागा असते. बेअरिंग काही तास फ्रीझरमध्ये ठेवा, हब १०० अंशांपर्यंत तापवा. सर्क्लिपची बाजू आधी बसवा, स्टेपला पूर्ण टेकेपर्यंत, आणि सर्क्लिप लावा. मग स्पेसर घाला. दुसरं बेअरिंग त्याची आतली रिंग स्पेसरला टेकेपर्यंतच ढकला. स्टेपला टेकवायच्या नादात आणखी ठोकलं तर बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि सगळं परत पहिल्यासारखं. ठोकायचंच झालं तर फक्त बाहेरच्या रिंगवर, त्या मापाचा सॉकेट ठेवून. थंड झाल्यावर आतली रिंग बोटाने गुळगुळीत फिरली पाहिजे. जड लागली तर तिथेच थांबा आणि स्पेसरची लांबी पुन्हा मोजा.

स्पोक आणि ड्रम

स्पोक सोडले असतील तर नवे घाला. जुने स्पोक कोपराशी झिजलेले असतात आणि दुरुस्त केलेल्या हबची भोकं खातात. चाकाचा आउट बाजूला आणि उंचीला १ मिमीच्या आत आणा.

ड्रमला कट मारायचा असेल तर तो चाक बांधून, स्पोक आवळून झाल्यावरच मारा. स्पोकच्या ताणाने पातळ हब खेचलं जातं आणि सुटं असताना गोल केलेला ड्रम किंचित लंबगोल होतो. चालीच्या वेगात असा ब्रेक धरतो-सोडतो-धरतो, आणि ट्रायल्समध्ये पुढच्या ब्रेकची जाणीव हीच चालकाची खरी भाषा असते. दगडाच्या कडेवर चाक नेमकं थांबवायचं असेल तर ब्रेकने एकसारखं धरायला हवं. म्हणून बांधलेलं चाक अ‍ॅक्सलच्या मापाच्या मॅन्ड्रेलवर, स्वतःच्या नव्या बेअरिंगवर धरा आणि ड्रम स्वच्छ होईल इतकाच कट घ्या. ड्रमवर कोरलेलं कमाल माप ओलांडू नका. मग शूला खडू फासून चाक फिरवा आणि ब्रेक हलका दाबा. खडू जिथे पुसला जातो तिथेच शू टेकतो. फक्त मधेच टेकत असेल तर तिथे पॉलिशपेपरने उतरवा.

गाडीवर परत

ब्रेक प्लेटची खाच फोर्कच्या उंचवट्यात पूर्ण बसली का, ते डोळ्यांनी बघा आणि हाताने चाचपा. ती सुटली तर ब्रेक लावताच प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि चाक लॉक होतं. अ‍ॅक्सल घालून नट हाताने लावा, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि फोर्क चार-पाच वेळा खाली-वर दाबा. ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर येते. ब्रेक सोडू नका, तसंच नट आवळा. अ‍ॅक्सलच्या पिंच बोल्टला (फोर्कच्या टोकात अ‍ॅक्सल आवळून धरणारा बोल्ट) सर्वांत शेवटी हात लावायचा, नाहीतर फोर्कच्या नळ्या तिरक्या राहून अडकतात.

मोकळ्या मैदानावर सावकाश थोडी फेरी मारा आणि उतरून हबला हात लावा. ड्रमच्या बाजूला किंचित कोमट चालेल. ब्रेक न लावता दुसरी बाजू गरम लागली तर बेअरिंगवर दाब आहे, चाक पुन्हा काढा. पहिल्या एक-दोन तासांच्या चालवण्यानंतर प्रत्येक स्पोक पाना टेकवून तपासा आणि ढिले झालेले आवळा. ओढ्यातून गाडी नेली असेल तर त्याच दिवशी चाक काढून सीलची कड पुसा, तिला थोडं वॉटरप्रूफ ग्रीस लावा आणि बेअरिंगच्या रिंगेभोवती तो राखाडी लगदा परत दिसतोय का, ते पाहा.